जिताडा सोडून देणारे मामा

मामा नदीवर निघाले की चोरासारखे निघत. घर त्यांचं, फाटक त्यांचं, वय साठीच्या पुढचं, जिल्हा कोर्टातून शिरस्तेदार म्हणून मानानं निवृत्त झालेले; पण फाटकाची कडी वाजू नये म्हणून ते तिच्याभोवती धोतराचा सोगा गुंडाळत आणि मग ती हलकेच सरकवत. सायकलला दोन्ही बाजूंनी दोन लांब कॅनव्हासच्या पिशव्या बांधलेल्या असत. एकीत सुट्या करता येणाऱ्या होडीची लाकडी हाडं, दुसरीत तिचं कॅनव्हासचं कातडं. गळाची काठी तुकडे सुटे करून छत्रीच्या खोळीत घातलेली. वाटेत कुणी विचारलंच, तर म्हणत, "स्नानास जातों." तेही अगदीच खोटं नव्हतं. परत येण्याआधी ते काठावरच्या विहिरीवर खरोखर अंघोळ करत. माशाला हात लागलेला असे ना.

मद्रासमधल्या अडयार नदीच्या काठी तेव्हा नवीन वसाहत उभी राहत होती. पन्नास आणि साठ सालांच्या मधली गोष्ट. माझ्या यजमानांची बदली तिथे झाली होती. ते केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात कारकून, आणि मी अलिबागजवळच्या खाडीकाठच्या गावातून नुकतीच लग्न होऊन आलेली. तमिळचा एक शब्द येत नव्हता. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, अडयारला एक मराठी घर आहे, वरच्या दोन खोल्या भाड्यानं देतात. मराठी म्हणजे तंजावरकडचे, पिढ्यान् पिढ्या तिकडेच राहिलेले. आम्ही खोल्या बघायला गेलो तेव्हा घरमालकीणबाईंनी एकच प्रश्न विचारला.

"मांसमासे खातां की काय तुम्हीं?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "छे, छे."

परतीच्या बसमध्ये मी ह्यांच्याशी बोलले नाही. "मग काय मासळीबाजारात बिऱ्हाड करायचं?" हे म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. पण त्या दिवसापासून मामींच्या घरात मी जरा मान खाली घालूनच वावरायला लागले. तिकडच्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना मामा-मामी म्हणत होतो.

त्या दोघांची बोली मला इथे हुबेहूब उतरवता येणार नाही. 'जाहलं', 'म्यां', 'तुम्हांस' असले जुने शब्द त्यांच्या तोंडात रोजच्या मीठमिरचीसारखे असत, वाक्याचं शेपूट तमिळ हेलात वर उचललेलं असे, आणि मधूनमधून 'शरि, शरि', म्हणजे 'बरं, बरं'. मामा तर कुठल्याही गोष्टीला आधी 'शरि' म्हणायचे आणि मग विचार करायचे.

मामी उंच, ताठ. नऊवारी नेसणं असं की पाहत राहावं. नाकात दोन्ही बाजूंना हिऱ्याच्या चमक्या. दर शनिवारी त्यांच्याकडे वसाहतीतल्या तंजावरी बायका भजनाला जमत. वसाहतीत मामींच्या शब्दाला वजन होतं, आणि नवऱ्याच्या नादामुळे ते कमी होऊ नये ह्यासाठी त्यांची सतत धडपड असे. मामांचं नदीवर जाणं सगळ्यांना ठाऊक होतं. ते ठाऊक आहे हे मामींना ठाऊक होतं. आणि तरी त्या विषयावर कुणी अक्षर काढायचं नाही असा जणू करारच होता. मला मात्र कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मला फक्त इतकंच दिसायचं की हा सभ्य म्हातारा रस्त्यात मध्येच थांबतो, इकडेतिकडे बघतो आणि पडलेलं कावळ्याचं पीस उचलून खिशात घालतो.

ती पिसं धुऊन, वाळवून मागच्या खोलीत ठेवलेली असत. तिथे एका छोट्या पकडीत बारीकसा गळ आवळून मामा त्याभोवती, माशाला भक्ष्य वाटावं असं, पीस बांधत बसत. बांधायला रेशीम लागे आणि चमकायला जरीचा धागा. मामी आपल्या जुन्या रेशमी लुगड्याच्या काठातले सुटलेले धागे काढून त्या खोलीच्या खिडकीत ठेवत. हातात कधी देत नसत. मामाही मागत नसत. धागे संपले की खिडकी झाडून ठेवत, एवढंच.

मला सगळं कळलं ते एका दुपारी. नदी घरापासून हाकेच्या अंतरावर होती. जेवणं झाली की मी काठावर जाऊन बसायची, कारण भरतीचं पाणी वर चढताना जो वास येतो तो आमच्या खाडीसारखा होता. त्या दिवशी वळणापलीकडून एक लांबोडकी, निमुळती, मातकट हिरवी होडी आली. होडी कसली, पाण्यावर तरंगणारी शेंगच. तिच्यात उघड्या अंगानं, गळ्यात जानवं आणि डोक्यावर साहेबी हॅट घातलेले मामा. पाणी इतकं संथ की होडीमागे रेघही उठत नव्हती. त्यांनी आखूड वल्हं आडवं ठेवलं, काठी उचलली आणि दोरी डोक्यावरून मागे-पुढे, मागे-पुढे फिरवायला लागले. आमच्याकडे गळ टाकतात तो ढुप्प करून. ही दोरी हवेत लांब होत गेली आणि काठावरच्या झुडपांच्या सावलीत अशी अलगद उतरली की पाण्याला कळलंही नसेल.

मग पाणी फुटलं. काठी वाकली आणि एक भलामोठा रुपेरी मासा तोंड वासून, डोकं झाडत सबंध बाहेर आला.

"जिताडा!" मी ओरडले.

मामा दचकले. होडी डुलली. पण दोरी त्यांनी सोडली नाही. बराच वेळ ते त्याला खेळवत राहिले आणि शेवटी दमलेला मासा होडीशी ओढून आणला. मी काठावर पदर खोचून उभी. मामांनी पाण्यात हात घालून गळ काढला, त्याची शेपटी धरली, तोंड प्रवाहाकडे केलं, काहीतरी पुटपुटले आणि हात उघडला.

"सोडलात?" मी जवळजवळ किंचाळलेच. "एवढा जिताडा सोडून दिलात?"

होडी काठाला लागेपर्यंत आम्हां दोघांच्याही ध्यानात आलं होतं, की एकमेकांचं गुपित उघडं पडलंय. मामांनी घाईघाईनं पंचा अंगावर घेतला.

"इथें त्यास कोडुवा म्हणतात," ते हळूच म्हणाले. "तुम्हीं त्याचं नांव जाणतां?"

"आम्ही खातो," मी म्हटलं.

"शरि," मामा म्हणाले. मग थोडा विचार करून, "मामीस..."

"मामींना..." मीही त्याच वेळी म्हटलं.

त्यानंतर मामींबद्दल काही बोलायची गरज उरली नाही.

पुढे कधी कधी मामा होडी काठाला लावून बोलत बसत. नोकरीत असताना त्यांचा जज्ज इंग्रज होता. सुट्टीच्या दिवशी तो कोळ्ळिडम नदीवर ह्याच होडीतून गळ टाकायला जायचा आणि वल्हवायला शिरस्तेदाराला पुढे बसवायचा. नाही कसं म्हणायचं? एक दिवस साहेबानं काठी त्यांच्या हातात दिली. "दोरी पाण्यावर उतरली, आणि मज आवडलं, अम्मा," मामा म्हणाले. "सक्तीचं होतं तोंवर कांहीं वाटत नव्हतं. आवडलं त्या दिवसापासून लाज सुरू जाहली." साहेब विलायतेला गेला तेव्हा होडी, काठी आणि पिसांची पेटी मामांकडे ठेवून गेला.

घरी परतताना मामा रोज म्हणायचे, "आज शेवटचं." मनापासून म्हणायचे. थट्टेचा सूर कधी लागला नाही. मासा सोडताना काय पुटपुटता असं मी एकदा विचारलं, तर खूप आढेवेढे घेऊन म्हणाले, "क्षमा मागतों. त्यास भूक लागली होती, म्यां पीस दिलं."

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. माझी आई लहानपणीच वारलेली, त्यामुळे बाळंतपणाला माहेरी जायचा प्रश्नच नव्हता. मामींनी मला आपल्याकडे घेतलं म्हणायला हरकत नाही. चिंचेचं सार, लिंबाचं लोणचं, मऊ भात, सगळं वर आणून द्यायच्या. पण माझ्या पोटात काही ठरत नव्हतं. मला डोळ्यांपुढे एकच वाटी दिसायची. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "वेडी आहेस का? घर जाईल." मामींच्या हातचं खाऊन उलटी काढताना मला इतकं मेल्यासारखं व्हायचं, की मी तोंड धुऊन खोलीत दार लावून बसायची.

एकदा जिन्यात मामांनी विचारलं, "काय खावंसं वाटतं, अम्मा?" मी काही नाही म्हटलं आणि रडायलाच लागले. मग सांगितलं. जिताड्याचं कालवण.

मामा 'शरि' म्हणाले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. "मज तें होणार नाहीं," म्हणाले आणि खाली गेले. नंतरचे कितीतरी दिवस ते मला टाळत राहिले, आणि मी त्यांना. आपण ह्या माणसाजवळ काय मागितलं, असं मला वाटत राहिलं.

मग एका शुक्रवारी मामी मैलापूरला हरिकथेला गेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत यायच्या नव्हत्या. मामा ओल्या धोतरानं जिना चढून वर आले. हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवलं.

"लवकर करा," एवढंच म्हणाले.

मी माहेरून आणलेली विळी काढली. खवले काढले, तुकड्या केल्या, खोबरं, मिरची, हळद, चिंच वाटून स्टोव्हवर कालवण चढवलं. मामा खाली गेले नाहीत. जिन्याच्या वरच्या पायरीवर माझ्याकडे पाठ करून बसून राहिले. भातावर कालवण घेऊन मी पहिला घास घेतला.

"कसं लागतं?" पाठ न वळवता त्यांनी विचारलं.

"गोड."

"गोड? गुळासारखं?"

"नाही हो मामा. ताज्या नारळासारखं. पण मऊ. तोंडात घातलं की पाकळ्या सुटतात."

"आणि वास?"

"नदीचा."

त्यांनी मान हलवली. "साहेब म्हणायचा, फार उत्तम असतो. इतकीं वर्षं धरला, पण कसा लागतो तें कधीं कळलं नाहीं." त्यांनी धोतराचा ओला सोगा पिळला. "मरायला फार वेळ लावला त्यानें. कसं मारावं तें मज ठाऊक नव्हतं. होडीत पायांपाशीं तडफडत होता. म्यां तोंड फिरवलं, पण पायांस लागत होता ना."

माझा हात ताटात थांबला. आणि मग, काय सांगू, पुन्हा चालायला लागला. मी सगळं खाल्लं. काटे चोखले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पोटात अन्न राहिलं. समोर तो माणूस पाठमोरा बसलेला, त्याचे खांदे खाली आलेले, आणि माझ्या जिभेला त्याचं काही नव्हतं. आज इतक्या वर्षांनीही ती चव आठवली की पाणी सुटतं आणि लगेच कानशिलं गरम होतात.

कथेकरीबुवांचा घसा बसला म्हणून हरिकथा रद्द झाली होती. मामी जिन्याच्या तळाशी उभ्या होत्या. कधी आल्या, कळलं नाही.

मी उठले, खरकट्या हातानंच. "मामी, आम्ही खातो. पहिल्यापासून खातो. खोटं सांगून राहिलो."

मामींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या मामांकडे बघत होत्या.

"कुणी आणलं?"

"म्यां," मामा म्हणाले.

"बाजारांतून?"

मामांनी मानेनंच नाही म्हटलं.

"तुम्हीं मारलं?"

मामा उभे राहिले. मामी खालच्या पायरीवर बसल्या. मोठ्यानं बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"इतकीं वर्षं," त्या म्हणाल्या, "माझी आई, तुमच्या बहिणी, ही सगळी वसाहत, कुणीं कांहीं म्हटलं तर मी एकच सांगत आलें. मारीत नाहींत, सोडितात. तेवढंच होतं माझ्यापाशीं. आतां काय सांगूं?"

आम्हाला घर सोडायला सांगतील असं हे म्हणाले, आणि सामान बांधायलाही लागले. पण संध्याकाळी मामी स्वतः रस्समभाताची वाटी घेऊन वर आल्या. "पोटुशी आहे, उपाशी ठेवतां येत नाहीं," भिंतीकडे बघत म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सबंध जिना धुवून घेतला. मामींशी नजर मिळवायची मला हिंमत होईना.

भांडीवालीला केरात खवले सापडले आणि दोन दिवसांत वसाहतभर झालं. पुढच्या शनिवारी भजनाला चारदोनच जणी आल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी, 'आमच्याकडे पंखा आहे' असं म्हणून कोपऱ्यावरच्या पोस्टमास्तरीणबाईंनी भजन आपल्या घरी नेलं. मामी तिकडेही गेल्या, ताठ मानेनं, आणि मागच्या रांगेत बसून आल्या.

मामांनी नदी सोडली. होडी खाटेखाली गेली. ते सकाळ-संध्याकाळ देवळात जाऊ लागले, उरलेला वेळ व्हरांड्यात बसू लागले. रस्त्यात पीस दिसलं तर पाय उचलून पलीकडे टाकत. दोघं एकमेकांशी लागेल तेवढंच बोलत. मामांचा सदरा खांद्यावरून लोंबायला लागला. आणि मी मात्र अंगानं चांगली भरत चालले होते. व्हरांड्यातून त्यांच्यासमोरून जाताना मी पदर घट्ट लपेटून घ्यायची.

एकदा मामी माझ्या डोक्याला तेल लावत होत्या, तेव्हा धीर करून मी म्हटलं, "माझ्यासाठी केलं त्यांनी, मामी."

"ठाऊक आहे," मामी म्हणाल्या. "म्हणून राग धरवत नाहीं. आणि सोडवतही नाहीं." आणि त्या बराच वेळ तेल लावत राहिल्या.

मला मुलगी झाली. बारसं मामींनी आपल्या खालच्या दिवाणखान्यात केलं, कुणाचं न ऐकता. वसाहतीतल्या बायकांना आमंत्रणं गेली आणि त्या आल्याही. मामा दाराबाहेर, आत यायचं की नाही अशा बेतात उभे होते. पोस्टमास्तरीणबाईंनी पाळण्याची दोरी ओढता ओढता मामींना म्हटलं, आणि मला वाटतं चांगल्या मनानंच म्हटलं, "एक बरं जाहलं हो. तुमचे यजमान माणसांत आले."

मामींच्या हातात पेढ्यांचं ताट होतं.

"आधीं कशांत होते?" त्यांनी विचारलं.

"नव्हे, म्हणजे तो नदीचा नाद..."

"आधीं कशांत होते, तें सांगा ना." मामींचा आवाज चढला नव्हता. "एका पोटुशी पोरीस खावंसं वाटलं, म्हणून त्यांनीं आपला जीव मारून तो जीव मारला. तुमच्या घरीं कुणीं केलं असतं? पेढा घ्या."

पोस्टमास्तरीणबाईंनी पेढा घेतला. दाराबाहेर मामा दिसेनासे झाले होते.

पुढच्या रविवारी, भर उन्हात, मी खिडकीतून पाहिलं तर मामी अंगणात होडीच्या पिशव्या ओढत होत्या. मामा मागे उभे, हात हलवत, "वेंडाम, वेंडाम," म्हणजे 'नको, नको' करत. मामींनी चांगलं ठेवणीतलं रेशमी लुगडं नेसलं होतं, देवळात जायला नेसत ते. फाटकाची कडी त्यांनी खाडकन काढली.

मीही मुलीला घेऊन मागोमाग नदीवर गेले. सुट्टीचा दिवस, काठावर माणसं होती. होडी जोडताना मामांची बोटं चालेनात. ती जोडून पाण्यात लोटली आणि मामी पुढच्या जागेवर बसायला गेल्या, तेव्हा होडी इतकी डगमगली की काठावर हशा पिकला. मामी बसल्या. छत्री उघडली. मामा मागे बसले, हॅट न घालता, आणि होडी मधोमध गेली.

पोस्टमास्तरीणबाई केव्हातरी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. काठावरून कुणीतरी शीळ घातली. मामांनी काठी हातात घेतली आणि तशीच मांडीवर ठेवून दिली. त्यांना काही ती उचलवेना.

"टाका ना," मामींचा आवाज पाण्यावरून स्पष्ट आला. "बघायलाच आलें आहें मी."

मामींचं तोंड पुढे होतं, त्यामुळे त्यांना मागचं दिसत नव्हतं. आम्हां काठावरच्यांना दिसत होतं. मामांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. मामी छत्री धरून, समोर बघत, वाट पाहत बसल्या होत्या.

पोस्टमास्तरीणबाई बघत होत्या. मी मुलीला त्यांच्या हातात दिलं. "जरा धरा हो, आणि चला," मी म्हटलं. "हिला ऊन लागतंय." आम्ही दोघी नदीकडे पाठ करून घराकडे चालू लागलो.